एफडी मोडून सुपारीची वीस हजार ताटे घ्यावीत का?

कोल्हापूरहून एका ताईंनी विचारले आहे: "मी घरून केटरिंग करते. महिन्याला सरासरी 1,200 पानांच्या, म्हणजे 1,200 माणसांच्या जेवणाच्या, ऑर्डरी असतात. सिल्व्हर कोटिंगची कागदी प्लेट सव्वादोन रुपयांना पडते, उसाच्या चिपाडाची, म्हणजे बगॅसची, सहाला आणि सुपारीच्या पानाची नऊला. विक्रेता म्हणतो, सुपारीची 20,000 एकदम घ्या, साडेसातने देतो, एक्स्पोर्ट क्वालिटी आहे. त्यासाठी दीड लाखाची एफडी मोडू का? शिल्लक तेवढीच आहे."

ताई, एफडी मोडू नका.

विक्रेत्याचे गणित आधी त्याच्या बाजूने मांडते. ताटामागे दीड रुपया वाचला, म्हणजे 20,000 ताटांवर 30,000 रुपये. तुमच्या खपाने हा साठा संपायला जवळजवळ सतरा महिने लागतील. पैसे एकदम जातात, ताटे हळूहळू संपतात, म्हणून त्या काळात सरासरी 75,000 रुपये अडकले असे धरू. सात टक्क्यांनी त्यावरचे बुडालेले व्याज साडेसात हजारांच्या आसपास. तरी साडेबावीस हजार उरतात. नुसते व्याज बघितले तर सौदा वाईट नाही.

तो फसतो साठवणीत. साडेबावीस हजार म्हणजे साडेसातच्या भावाने 3,000 ताटे. शंभरातली पंधरा खराब झाली की फायदा संपला. आत्ता जूनमध्ये माल उतरवलात तर त्याला दोन पावसाळे काढायचे आहेत. सुपारीचे ताट म्हणजे पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, वाळलेली विरी (झावळीच्या बुडाचा रुंद भाग) धुऊन गरम साच्यात दाबलेली. तिला ओल लागली की बुरशी धरते, आणि कोल्हापूरच्या जुलैत घरातली खोली कोरडी राहत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. ठिपके पडलेले एक ताट पंगतीत गेले, तर त्या घरची पुढची ऑर्डर गेली.

एक्स्पोर्ट क्वालिटीबद्दलही बोलायला हवे. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुपारीच्या पानाची ताटे-वाट्या जेवणासाठी वापरू नयेत असे जाहीर केले. सुपारीतली अल्कलॉइड द्रव्ये अन्नात उतरू शकतात, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे या ताटांवर बंदी नाही, आणि तुमच्या विक्रेत्याकडे अमेरिकेतून परत आलेला माल आहे असेही मी म्हणत नाही. पण ज्या वस्तूवर असा प्रश्न उभा आहे, तिच्यात घरची सगळी शिल्लक घालायची नसते.

आता सिल्व्हर प्लेट. रश्श्याचे जेवण असले की एकाखाली एक अशा दोन द्याव्या लागतात, म्हणजे भाव साडेचारवर गेलाच. शिवाय महाराष्ट्रात जुलै 2022 पासून प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी प्लेटवरही बंदी आहे. पहिल्यांदा सापडलात तर दंड 5,000, दुसऱ्यांदा 10,000. बगॅसच्या तुलनेत तुमचे महिन्याला वाचणार 1,800. म्हणजे पहिलाच दंड तीन महिन्यांची बचत खाऊन टाकतो. कोटिंग कशाचे आहे ते ओळखायचे असेल तर प्लेट रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी कागद चोळून काढा. हाताला पातळ पापुद्रा लागला तर ते प्लास्टिक.

राहिली बगॅसची. ती सुपारीच्या घाऊक भावापेक्षाही दीड रुपयाने स्वस्त आहे, आणि तेही एफडीला हात न लावता! मला हाच पर्याय तुमच्यासाठी योग्य वाटतो. महिन्याचा माल महिन्याला घ्या. 1,200 चे 7,200 रुपये ऑर्डरीच्या अ‍ॅडव्हान्समधून निघतात.

स्टीलची ताटे घ्यावीत का, असे कुणी सुचवेल. धुणारी बाई, साबण, पाणी, टेम्पोतली जागा धरली की पानामागे पाचेक रुपये तिथेही जातात. मोठी ऑर्डर असेल तेव्हा भाड्याने आणा.

एफडीबद्दल मी आग्रहाने सांगतेय, कारण तुमचे उत्पन्न बारमाही नाही. आषाढ संपला की मटणाच्या ऑर्डरी थांबतात, त्या नवरात्र उठल्यावरच नीट सुरू होतात. श्रावणात गॅस, किराणा, मुलांची फी ही एफडीच भागवणार. तेव्हा पैसा कपाटात ताटांच्या रूपाने पडला असेल तर उपयोग शून्य, आणि सोने गहाण ठेवण्याची वेळ येते ती अशाच वेळी.

सुपारीचे ताट पूर्णपणे सोडा असे नाही. कोटेशनमध्ये ते वेगळ्या ओळीत लिहा: 'सुपारीच्या पानाचे ताट हवे असल्यास पानामागे चार रुपये जादा.' ज्याला डोहाळजेवणाच्या फोटोसाठी हवे तो देईल, आणि त्या ऑर्डरीपुरतीच तुम्ही नऊच्या भावाने आणाल. बिल मात्र बघून घ्या. पानांपासून केलेल्या ताट-वाट्यांवर ऑक्टोबर 2019 पासून जीएसटी शून्य आहे. तो लावलेला दिसला तर विचारा.

आणि बगॅसचा पहिला गठ्ठा घेण्याआधी नमुन्याची चार ताटे मागा. घरी उकळता तांबडा रस्सा वाढा, खाली वर्तमानपत्र ठेवा, अर्धा तास थांबा. कागद कोरडा राहिला आणि ताट एका हातात उचलल्यावर मधून वाकले नाही, तरच पैसे द्या.