नर, मादी आणि शेवटच्या महिन्याचं खाद्य

भाऊ, डुकराची नर पिल्लं दोन-तीन आठवड्यांची असतानाच पशुवैद्याकडून खच्ची करून घे. वयात आलेल्या नराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल ही वास मारणारी द्रव्यं साठतात; मांस शिजायला लागलं की उग्र वास सुटतो, मसाल्यानंही तो झाकत नाही. माझं एक चांगलं गिऱ्हाईक त्यापायीच तुटलं. खच्ची नराला चरबी लवकर सुटते, मादी सडसडीत राहते, म्हणून दोघांचं खाणं वेगळं ठेव.

हॉटेलचं उरलंसुरलं उकळूनच घाल. तेलकट खाद्यानं चरबी मऊ पडते, मासळीचा वास तर थेट मांसात उतरतो. कापण्याआधी शेवटचा महिनाभर मासळी बंदच ठेव. त्याच काळात पशुवैद्याला विचारून खाद्यातलं व्हिटॅमिन ई वाढव: मांसाचा रंग टिकतो, चरबी लवकर खवट होत नाही. आदल्या दिवशी देऊन मात्र काही होत नाही.