पेन घ्या ताई, पण आधी क्रेडिट कार्ड मिटवा

नमस्कार ताई. तुमचं पत्र सविस्तर आहे, बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई मिरजेत ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवतात, राहायला सांगलीत विश्रामबागला. पगार हातात ७८,००० येतो, त्यातले २१,००० घराच्या हप्त्याला जातात, मिस्टरांची तासगाव भागात अडीच एकर द्राक्षबाग आहे, मुलगा नववीत. आता थकलेल्या पगाराचा फरक १,६०,००० खात्यावर आलाय आणि ताईंना बरीच वर्षं मनात असलेला सोन्याच्या निबचा शाईपेन घ्यायचाय, जपानी पायलट कंपनीचा कस्टम ८२३. पुण्यातल्या दुकानात ३२,००० सांगितले, जपानच्या एका साईटवर तोच २४,००० ला दिसतोय, आणि स्टाफरूममधले एक सर सांगायलेत की घ्यायचाच तर वापरलेला माँ ब्लाँ १४९, म्हणजे त्या जर्मन कंपनीचा महागडा शाईपेन, घ्या, ४८,००० ला मिळतोय, किंमत वाढतच जाते, म्हणजे गुंतवणूक पण झाली. ताई विचारतात, सगळ्यात स्वस्त कुठं पडेल, आणि एवढे पैसे पेनवर घालवणं वेडेपणा आहे का?

वेडेपणा अजिबात नाही. रोज दोन-तीन तास हातानं लिहिणारं माणूस आहात तुम्ही, टिपणं, पेपर तपासणी, डायरी, सगळं शाईनं. जी वस्तू रोज हातात असणार आहे तिच्यावर विचार करून खर्च करणं मला कधीच चुकीचं वाटलं नाही, आणि स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की आपल्याकडच्या बायका आधी दहा जणांची परवानगी मागतात, ती तुम्ही माझ्याकडं मागू नका.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की क्रेडिट कार्डावर दिवाळीपासूनचे ३८,००० आहेत आणि "मिनिमम ड्यू (बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) वेळेवर भरते". ताई, सगळ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच वाटली. मिनिमम भरलं की दंड लागत नाही एवढंच, व्याज चालूच राहतं, आणि कार्डाचं व्याज बऱ्याच बँकांत महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. ३८,००० वर महिन्याला १,३३० रुपये, त्यावर १८% जीएसटी, म्हणजे साधारण १,५७०. वर्षभर बाकी तेवढीच राहिली तर अठरा हजारांच्या वर जातात, तुमच्या पेनच्या निम्म्याहून जास्त पैसे आणि हातात काहीच नाही. शिवाय बाकी शिल्लक असताना त्या कार्डावर नवीन काही घेतलं तर त्याला बिनव्याजी दिवस पण मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. तेव्हा दुकानांमध्ये किंमत शोधायच्या आधी, आजच, फरकातले ३८,००० कार्डाला भरा, पूर्ण, आणि पुढच्या स्टेटमेंटवर उरलंसुरलं व्याज येईल तेही भरून टाका. पेन कुठूनही घेतला तरी एवढी बचत तुम्हाला कुठलाच दुकानदार देणार नाही.

राहिले १,२२,०००. तुमची अडीअडचणीची एफडी ९०,००० ची आहे आणि घरखर्च हप्ता धरून महिन्याला ६०,००० च्या आसपास, म्हणजे दीड महिन्याची सोय. पगार कायम आहे म्हणून सहा महिन्यांचा हट्ट मी धरत नाही, पण बाग आहे हो ताई. ऑक्टोबर छाटणी झाली की औषधं, मजुरी, फवारण्या, सगळा पैसा बाहेरच जातो आणि माल विकून पैसे यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो, त्यात मधे अवकाळी झाला, डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आली की फवारण्या दुप्पट, आणि तेव्हा मिस्टर पैसे कुणाकडं मागणार, तुमच्याकडंच ना? म्हणून तीन महिन्यांची सोय करा, १,८०,०००. एफडीत अजून ९०,००० टाका, वेगळी पावती करा म्हणजे गरज पडली तर सगळी मोडायला लागणार नाही.

उरले ३२,०००. बरोबर दुकानातल्या किमतीएवढे, हे बघून तुम्हाला वाटेल जमलं की, पण मी म्हणेन पेन आणि शाई मिळून २८,००० च्या वर जायचं नाही. कारण एक, मुलाचं दहावीचं वर्ष येतंय, क्लासची फी जूनच्या आधीच मागतात. आणि दुसरं, आकडा आधी ठरवून मग दुकानात गेलं की बोलणी वेगळी होतात.

एक गोष्ट विसरू नका, हा फरक मागच्या वर्षांचा असून एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरला जातो त्यामुळं कर जास्त बसू शकतो. त्यातून सवलत मिळते, त्यासाठी रिटर्न भरायच्या आधी त्या सवलतीचा फॉर्म (२०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला तो १०ई होता) ऑनलाईन भरायला लागतो. आधी रिटर्न आणि मग फॉर्म असं केलं की सवलत अडकते. ऑफिसमधून वर्षवार फरकाचा तक्ता मागून घ्या.

आता जपानची साईट. २४,००० बघून कुणाचाही हात बटणावर जाईल, पण ती किंमत दारात पोचल्याची नाही. विमा धरून कुरियरचे दोन हजार धरा, २६,००० झाले. कार्डावर परदेशी चलनाचा मार्कअप (बँकेचा जादा आकार) बहुतेक ठिकाणी ३.५% आणि त्यावर जीएसटी, म्हणजे अजून हजारभर. मग कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), आणि ते नुसत्या पेनच्या किमतीवर नाही तर कुरियर आणि विमा धरून झालेल्या रकमेवर लागतात. दर बजेटगणिक बदलतो, मागवायच्या दिवशीचा बघायला लागतो, पण हिशोबापुरता एक तृतीयांश धरला तरी साडेआठ हजार होतात. कुरियरवाला ड्युटी आधी भरतो म्हणून स्वतःचा चार्ज लावतो तो वेगळाच. बेरीज करा, ३५,५०० च्या वर गेलं. पुण्यातला ३२,००० चा पेन महाग वाटत होता ना?

"विक्रेत्याला सांगते गिफ्ट म्हणून पाठव" असं तुम्ही लिहिलंय, ते डोक्यातून काढा. डिसेंबर २०१९ पासून पोस्टानं किंवा कुरियरनं येणाऱ्या गिफ्टची ती सूट गेलीय, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर बाकी सगळ्याला ड्युटी आहे. वर खोटं लिहून पार्सल अडकलं तर तुमचा केवायसी त्या पार्सलला जोडलेला असतो, विक्रेत्याचं काही जात नाही.

सरांच्या माँ ब्लाँबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण गुंतवणूक हा शब्द आला की माणूस खर्चाचा हिशोब करायचं सोडतो. १४९ सुंदर पेन आहे यात वाद नाही. पण तो १९५२ पासून बनतोय आणि आजही दुकानात नवा मिळतो. जी वस्तू हवी तेव्हा नवी मिळते तिची वापरलेली प्रत दुर्मिळ कशी होणार? कंपनी नव्या पेनची किंमत वाढवते हे खरं, पण त्या वाढीतलं तुमच्या हातात किती येईल हे समोरचा गिऱ्हाईक ठरवतो, आणि सांगली-मिरजेत उद्या ४८,००० चा जुना पेन विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक शोधणार कुठं? सोन्याच्या निबचंही तेच. १८ कॅरेट म्हटलं तरी निबमध्ये सोनं जेमतेम ग्रॅमच्या आसपास, दागिन्याची घडणावळ मोडताना परत मिळत नाही तसंच इथं, फक्त इथं जवळपास सगळी किंमत घडणावळीचीच आहे. तेव्हा कुठलाही पेन घ्या, तो खर्च म्हणून लिहा, पूर्ण. उद्या विकून काही आलं तर आलं.

शिवाय नकली माल. १४९ च्या नकला भरपूर फिरतात. खरा १४९ पिस्टननं शाई भरतो, मागची गुंडी फिरवून, आत काडतूस (शाई भरलेली तयार नळी) किंवा कन्व्हर्टर (काढता येणारी शाई भरायची नळी) निघाला तर तो १४९ नाहीच. निबवर ४८१० हा आकडा असतो, माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची, आणि १८ कॅरेटच्या निबवर ७५० चा शिक्का. अलीकडच्या पेनांना क्लिपच्या कड्यावर सीरियल नंबर असतो. पण नकलेवर हे आकडेपण कोरता येतात, त्यामुळं ज्याला पेनातलं कळतं त्याच्या हातात देऊन खात्री होत नाही तोवर ४८,००० नुसत्या फोटोवर पाठवायचे नाहीत. तसंही ४८,००० आपल्या आकड्यात बसतच नाहीत, विषय संपला.

नो कॉस्ट ईएमआयचं दुकानदारानं सुचवलंय म्हणता. व्याज तिथंही असतं, फक्त तेवढी सूट आधी दाखवून ते झाकतात, आणि व्याजावरचा जीएसटी, प्रोसेसिंग फी तुमच्या माथी. शून्य टक्क्याच्या या योजनांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१३ लाच बँकांना सांगितलं होतं की शून्य व्याज असं काही नसतं. त्यातून तुम्हाला कामाचं एवढंच निघतं की दुकानदाराकडं सूट द्यायला जागा आहे. मग तीच सूट रोख मागा.

आता तुमचाच एक मुद्दा जो तुम्ही कंसात टाकून सोडून दिलाय. भाचा नोकरीला टोकियोत आहे आणि दिवाळीला येतोय! ताई, सगळ्यात चांगली किंमत हीच की. तो तिथल्या दुकानातून येनमध्ये घेणार, कुरियर नाही, मार्कअप नाही, आणि स्वतःच्या सामानातून आणणाऱ्या प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंत ड्युटी माफ असते. मर्यादा किती ते त्यानं निघायच्या आधी कस्टमच्या साईटवर बघावं आणि त्यात तो अजून काय काय आणतोय तेही मोजावं. फक्त एक, जपानमध्ये १०% कर असतो आणि पर्यटकांना तो माफ होतो असं कुणी सांगितलं तर ते भाच्याला लागू नाही, तो तिथं राहून नोकरी करतो. म्हणजे २४,००० च धरा. बिल जपून आणायला सांगा आणि वॉरंटी भारतात चालते का हे तिथंच विचारायला सांगा. नसेल चालत तर तेवढी जोखीम आठ हजार वाचवण्यासाठी घ्यायला मी तयार होईन, कारण घेताना लिहून बघितलेली निब सहसा त्रास देत नाही.

निब कुठली हे मात्र तुम्ही ठरवा, भाच्यावर सोडू नका. जपानी निब युरोपियनपेक्षा बारीक चालते, त्यांची एम (मध्यम) म्हणजे आपल्या ओळखीच्या एफच्या (बारीक) जवळ. देवनागरीत वेलांट्या, अनुस्वार, जोडाक्षरं, बारीक अक्षर असेल तर जाड निबनं सगळं भरून येतं, आणि तपासणीच्या पेपरचा कागद शाई पसरवतो तो वेगळाच. पुण्याला काही कामानं जाणं झालं की त्या दुकानात एफ आणि एम दोन्ही मागून एक-एक पान लिहून बघा, तुमचाच कागद सोबत न्या. त्याच वेळी दुकानदाराला मोकळेपणानं विचारा की रोख २८,००० ला शाईच्या बाटलीसकट देता का. दिला तर तिथंच घ्या, मी तर म्हणेन चार हजार जास्त गेले तरी जवळचं दुकान, पक्कं बिल आणि तक्रार घेऊन जायला माणूस, याला किंमत आहे. नाही म्हणाला तर नंबर देऊन या, सणाच्या आधी त्याचा फोन येतो का बघा, आणि भाच्याला निबचा साईज आणि रंग लिहून मेसेज करून ठेवा. या पेनात व्हॅक्युमनं शाई भरते आणि सलग बरंच लिहायचं असेल तर मागची गुंडी थोडी सैल करायला लागते, नाही तर मधेच शाई थांबते आणि नवीन माणसाला वाटतं पेन खराब निघाला, हे पण त्या दुकानातच एकदा करून दाखवायला सांगा.