बाबांची गाडी घाटातच का बंद पडते?

प्रश्न : बाबांची 1987 ची कार्बोरेटरवाली गाडी आम्ही अजून ठेवलीय, विकायला मनच होत नाही. सकाळी एका चावीत सुरू होते, पण मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढाला आचके देते आणि बंद, मग अर्ध्या तासाने आपोआप सुरू. लहानपणीही असंच व्हायचं, आई पंचा भिजवून बाबांना द्यायची आणि आम्ही पोरं कठड्यावर बसून दशम्या-चटणी खायचो. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल. खरंच का?

उत्तर : अहो, इंजिनला लगेच हात लावू नका! लक्षणं व्हेपर लॉकची आहेत. चढावर इंजिन तापतं, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, ती वाफ पंपाला पुढे ढकलता येत नाही आणि कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, कोरडा पडतो. आईंचा पंचा अगदी बरोबर होता, तो पंप आणि नळीवर ठेवायचा, तापलेल्या इंजिनवर मात्र गार पाणी ओतायचं नाही, तडा जाईल. हल्लीच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो, पेट्रोल दाबाने येतं, म्हणून आजच्या पोरांना हा प्रकार ठाऊकच नाही.

एक काम मात्र नक्की करा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, नळ्या बदलून घ्या. तरीही बंद पडली तर इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तपासा, तीही तापली की दगा देते.

आणि आई असतील तर त्यांना पुढच्या सीटवर बसवून न्या, पंचा नेमका कुठे ठेवायचा ते त्या दाखवतील.