३० फुटी युर्टला दुहेरी काचेचं दार आणि आठ खिडक्या बसवता येतील का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये बेंडजवळ घेतलेल्या जागेवर ३० फूट व्यासाचा युर्ट (लाकडी जाळीची भिंत आणि कापडी छप्पर असलेलं गोल घर) उभारायचाय, त्याला ६ फूट रुंद दुहेरी काचेचं दार आणि भोवती आठ खिडक्या हव्यात, आणि दार दक्षिणेला असू नये असा घरच्यांचा आग्रह आहे. बसवता सगळं येतं. पण युर्टमध्ये दाराची चौकट छपराचा भार घेते, आणि घरं बांधणाऱ्या सुतारांना नेमकं हेच पटत नाही. त्यामुळे आधी दाराबद्दल सविस्तर लिहितो.

छपराचे वासे खालच्या टोकाला बाहेर ढकलत असतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळून धरते, तसं हे ढकलणं भिंतीच्या जाळीच्या माथ्यावरून फिरणारी पोलादी तार आवळून धरते. दारापाशी जाळी संपते आणि तारेची दोन्ही टोकं चौकटीला अडकवतात. म्हणजे धावेचा तेवढा तुकडा चौकटीनेच पुरा करायचा असतो. मंगोलियातल्या गेरचं, म्हणजे तिथल्या पारंपरिक युर्टचं, तत्त्वही हेच आहे. तिथे भिंतीला बाहेरून गुंडाळलेले दोर दाराच्या चौकटीलाच बांधतात, म्हणून ती चौकट जड आणि घट्ट सांध्यांची असते.

आता आकडे बघा. बर्फाचा भार चौरस फुटाला ४० पौंड धरला (खरा आकडा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, बांधकाम खात्याकडून घ्या) तर तुमच्या छपरावर सुमारे २८,००० पौंड येतात. भिंतीच्या माथ्यापासून छपराच्या मधल्या कड्यापर्यंतची (वाशांची वरची टोकं जिथे टेकतात) चढण साडेसात फूट असेल तर तारेत साधारण ३,००० पौंडांचा ताण येतो. दिसायला छान म्हणून चढण पाच फुटांवर आणलीत तर तोच ताण ४,५०० पौंड होतो. वासे ४८ धरले तर दर दोन फुटांवर एक, म्हणजे ६ फुटी दाराच्या डोक्यावर तीन वासे येणार. तिघांचं मिळून खाली येणारं वजन १,७०० ते १,८०० पौंड, आणि बाहेर ढकलणारा जोर सुमारे १,२०० पौंड. वजनाचा हिशेब सगळे करतात. बाहेरच्या जोराचा हिशेब कोणीच करत नाही.

यावरून एका सुताराशी माझा वाद झाला होता, आणि तुमच्या प्रश्नात तेच दार दिसलं म्हणून लिहायला बसलो. कॅस्केड डोंगरांच्या पूर्वेकडे, २० फुटी युर्टला ६ फुटी दुहेरी दार. चौकटीच्या डोक्यावर त्याने घरात घालतात तशी दोन इंच बाय आठ इंचाच्या दोन फळ्यांची तुळई उभी ठेवली होती, आणि बाजूच्या खांबांतून तिच्या टोकांत खिळे मारले होते. तार अडकवली खांबांना, डोळ्याच्या बोल्टांनी. त्याचं म्हणणं, ही तुळई याच्या तिप्पट वजन घेईल. वजन तिने घेतलंच. पण तारेने दोन्ही खांब एकमेकांपासून दूर ओढले, आणि लाकडाच्या टोकात, रेषांच्या दिशेने मारलेला खिळा ओढीला जवळजवळ धरतच नाही. पहिल्याच मोठ्या बर्फात दोन्ही वरचे सांधे उघडले. उभ्या ठेवलेल्या तुळईची आडवी जाडी जेमतेम तीन इंच, त्यामुळे ती मधोमध बाहेरही फुगली. दाराच्या दोन झडपांमध्ये वर फट पडली आणि कडी लागेना. सुतार म्हणाला बिजागऱ्या ढिल्या आहेत, आणि बिजागऱ्या बदलल्या. अर्थातच काही फरक पडला नाही. बिजागरीचा संबंधच नव्हता.

बरोबर रीत अशी. तार दारावरून अखंड न्या. तुळईच्या बाहेरच्या अंगाला खाच पाडा, तार त्यात बसवा आणि दोन्ही कोपऱ्यांवर पोलादी पट्टी घाला, म्हणजे वळताना ती लाकूड कापणार नाही. अखंड नेणं जमत नसेल तर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत तुळईवरून पाव इंच जाडीची पोलादी पट्टी टाका, आरपार बोल्टांनी कसा, आणि तार त्या पट्टीला अडकवा, लाकडाला नको. तुळई दोन्ही दिशांनी जाड हवी. चिकटवलेल्या पातळ थरांची साडेपाच इंच चौरस घेतली तर तुमच्या मापाला मी समाधानी असेन. खांबांचे पाय जोत्याच्या, म्हणजे युर्टखालच्या लाकडी चौथऱ्याच्या, तुळयांना बोल्टने धरा, नुसते वरच्या फळ्यांना नकोत. तार ३/८ इंच, गॅल्व्हनाइज्ड. तिची तुटण्याची मर्यादा १४,००० पौंडांच्या वर असते. क्लिपा लावलेल्या टोकाशी ८० टक्केच धरा, तरी पुरून उरते.

तरीही दुहेरी दार घेऊ नका असंच सांगेन. गोल भिंतीत सरळ चौकट घातली की मधोमध ती वर्तुळाच्या आत येते. तुमच्या युर्टला ३ फुटी दारात हा फरक एक इंचाच्या आत राहतो, ६ फुटीत साडेतीन इंचांच्या वर जातो, आणि २० फुटी युर्टमध्ये साडेपाच इंच. छपराची झालर तेवढी चौकटीपासून सुटते आणि पागोळ्यांचं पाणी तिथूनच आत येतं. तीन फुटी दोन दारं समोरासमोर ठेवा. उजेड तितकाच, हवा जास्त, आणि एक दार बर्फाने अडलं तर दुसरं आहे.

उंचीत फसू नका. बाजारातलं दार ८० इंचांचं, त्याला साडेब्याऐंशी इंचांचं भोक लागतं. तुमची भिंत सात फुटी, म्हणजे ८४ इंच. तुळईला उरला दीड इंच! जाळी सहा इंच उंच कठड्यावर उभी करा आणि चौकट थेट जोत्यावर ठेवा, किंवा ठेंगणं दार बनवून घ्या. तयार दाराचा वरचा भाग तासून बसवलेला मी पाहिलाय. आतला पोकळ भाग उघडा पडतो आणि ओल धरून दार फुगतं.

चौकट सगळ्यांत आधी उभी करायची. ओळंब्यात घ्या, दोन्ही कर्ण मोजा, फरक १/८ इंचाच्या आत आणा, आणि तिरके टेकू द्या. मग जाळी, तार, कडं, वासे, कापड. दाराच्या झडपा शेवटी टांगा, छपराचं वजन पूर्ण बसल्यावर. चौकटीच्या फटीत फोम भरायचा तर कमी फुगणारा. जास्त फुगणारा फोम खांबांना आत ढकलतो आणि दार घासायला लागतं.

गळती उंबऱ्याशी होते. एरवी भिंतीचं कापड जोत्याच्या कडेखाली लोंबतं, म्हणून पाणी बाहेर पडतं. दारापाशी ही साखळी तुटते. बाहेरचा ओटा उंबऱ्यापेक्षा निदान दोन इंच खाली ठेवा आणि उंबऱ्याखाली उतार असलेला पत्रा घाला. छपराचा बर्फही नेमका दारापुढे घसरतो, म्हणून दार आत उघडणारं हवं आणि वर स्वतंत्र खांबांवरचं छज्जं हवं. ते छपराला जोडू नका, चार इंच फट सोडा. कापडी छप्पर वाऱ्यात हलतं, छज्जं हलत नाही, आणि दोघं जोडले की कापड फाटतं.

खिडक्या आठ नकोत. राहत्या खोलीत काचेचं क्षेत्र जमिनीच्या ८ टक्के असावं असा अमेरिकेतला सर्वसाधारण नियम आहे. तुमच्या युर्टची आतली जमीन ७०७ चौरस फूट, म्हणजे सुमारे ५७. छपराच्या मध्यावरचा पाच फुटी पारदर्शक घुमट साडेएकोणीस देतो, काचेचं एक दार धरा दहा. उरले सत्तावीस-अठ्ठावीस. तीन बाय तीन फुटांच्या चार खिडक्यांत ते भागतं, दुसरं दार काचेचं केलंत तर तीनही पुरतात.

काचेची खिडकी म्हणजे जाळी कापणं. दोन्ही बाजूंना जोत्यापासून तारेपर्यंत पोचणारे दोन बाय सहा इंचांचे खांब हवेत, आणि शक्य तिथे ते वाशाच्या बरोबर खाली यावेत. आधी खांब बसवा, जाळीची टोकं त्यांना स्क्रूने धरा (आधी भोक पाडून, नाहीतर पट्टी चिरते), आणि मगच मधली जाळी कापा. उलट क्रमाने केलंत तर जाळी सुटते आणि भिंतीची उंची बदलते. खिडकीचा तळ ओट्यापासून तीन फुटांच्या खाली नको, छपरावरून घसरलेला बर्फ भिंतीशी साचतो. पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या स्वस्त पडतात, पण त्यांचा पडदा लावायला बाहेर जावं लागतं, थंडीत त्या कडक होतात आणि तशा गुंडाळल्या तर तडकतात. बेंडच्या हिवाळ्यात झोपायच्या बाजूला तरी दुहेरी काच घ्या.

दिशेचं. मंगोलियात दार दक्षिणेला ठेवतात, कारण हिवाळ्यातला बोचरा वारा उत्तरेकडून आणि वायव्येकडून येतो. ‘पारंपरिक’ म्हणून तेच ओरेगॉनच्या किनाऱ्यावर करणारे आहेत, आणि तिथली हिवाळी वादळं दक्षिणेकडून, नैर्ऋत्येकडून येतात. दार वाऱ्याच्या पाठीला असावं. वाऱ्यात तोंडावरचं दार उघडलं की आतून छपराला उचल बसते. तुमच्या जागेवर वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे मुख्य दार पूर्वेला घ्या. घरच्यांचंही समाधान होईल. समोरासमोर म्हटलेलं दुसरं दार मग पश्चिमेला येतं. ते हिवाळ्यात बंद ठेवायचं आणि कडी वर-खाली दोन्हीकडे हवी.

हे सगळं जाळी आणि तारेच्या युर्टबद्दल आहे. लाकडी तक्त्यांच्या भिंतीचा युर्ट असेल तर भार वेगळा वाहतो. माझे आकडे अंदाज बांधायला आहेत. परवान्यासाठी अभियंत्याची सही असलेले आराखडे घ्या. आत भिंत घालून वेगळी झोपायची खोली केलीत तर तिथे बाहेर निसटता येईल अशी खिडकी सक्तीची होते: मोकळी जागा ५.७ चौरस फूट, तळ आतल्या जमिनीपासून ४४ इंचांच्या आत. दारापासून दोन फुटांच्या आत काच असेल तर ती टफन्ड घ्या. आणि तार ताणायचा टर्नबकल दाराजवळ, हात पोचेल असा ठेवा. जाळीचं लाकूड पहिल्या उन्हाळ्यात सुकून आकसतं, त्यामुळे बर्फ पडायच्या आधी तार पुन्हा आवळावी लागते.