बायकोचा ल्युपस शांत आहे, मग गोळ्या आणि लघवीची तपासणी चालूच ठेवायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नी २९ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी ल्युपसचं (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठते तो आजार) निदान झालं. आता सांधे दुखत नाहीत, गालांवरची लाली गेली. एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन) आणि ५ मिलिग्रॅम वायसोलोन (हे स्टिरॉइड) चालू आहे. घरचे म्हणतात बास आता गोळ्या, गुळवेल सुरू कर. डॉक्टर मात्र दर तीन महिन्यांनी लघवी तपासायला लावतात. फ्लेअर आला, म्हणजे आजार पुन्हा उसळला, की अवयव जातातच का, आणि बाळाचा विचार करावा का, हेही तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. भांडुपला राहते, नोकरी फोर्टात, आणि ल्युपस लग्नाच्याही आधीपासून सोबत आहे. माझ्या किडनीपर्यंत तो पोचलेला आहे, त्यामुळे लघवीच्या डबीबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत.

आधी एक फरक. आजार आत्ता किती खवळलाय हे एक, आणि त्याने आजवर कायमचं काय बिघडवलंय हे दुसरं. डॉक्टर या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. पहिल्याचा स्कोअर वर जातो, औषधाने खाली येतो. दुसऱ्यासाठी १९९६ पासून एक ठरलेली यादी आहे, स्लिक डॅमेज इंडेक्स नावाची. निदानानंतर झालेलं आणि किमान सहा महिने टिकलेलं नुकसानच त्यात धरतात. हा आकडा वाढतो किंवा तिथेच राहतो, कमी कधीच होत नाही. म्हणजे सगळी धडपड आहे ती त्यात भर पडू नये म्हणून.

ती यादी वाचण्यासारखी आहे. किडनी निकामी होणं, लकवा, हार्ट अटॅक हे तर आहेच. पण मोतीबिंदू, खुब्याचं हाड आतून मरणं, हाडं ठिसूळ होऊन मोडणं, मधुमेह हेही आहे. या दुसऱ्या गटामागे बऱ्याचदा स्टिरॉइडच असतं. घरचाच भेदी! म्हणून फ्लेअर रोखायचा आणि स्टिरॉइडही कमीत कमी ठेवायचं, अशी दुहेरी कसरत चालते. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये रोजच्या डोसची मर्यादा साडेसात मिलिग्रॅम सांगितली होती, २०२३ मध्ये ती ५ वर आणली, आणि जमेल तर बंदच करा म्हटलं. वहिनी (तुमच्या पत्नीला मी तसंच म्हणते) आत्ता त्या ५ वरच आहेत, म्हणजे डॉक्टर बरोबर चाललेत. पण ते बंद करायचं ते डॉक्टरांनी, हळूहळू उतरवत. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं जवळजवळ सोडून देतं. अचानक थांबवलं तर बीपी पडणं, उलट्या, गळून जाणं, काहीही होऊ शकतं.

प्रत्येक फ्लेअर अवयव घेऊन जातो असं नाही. सांधे आणि कातडीचा फ्लेअर त्रास भरपूर देतो, पण बहुतेकदा मागे फारसं काही ठेवत नाही. (गोल चकत्यांचा प्रकार सोडून. त्याचे वण राहतात, डोक्यावर असेल तर तिथे केस परत येत नाहीत.) खरी भीती आहे ती न दुखणाऱ्या फ्लेअरची. किडनी दुखत नाही. तिच्यातल्या बारीक गाळण्यांना सूज येते, प्रथिनं लघवीतून गळायला लागतात, आणि बाई त्या दिवशीही आठ बावन्नची फास्ट पकडून कामावर जाते. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते सांगणारा आकडा) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नका, ते बरंच उशिरा वाढतं. लघवी आधी बोलते.

काय बघायचं? लघवीवरचा फेस, जो फ्लश केल्यावरही रेंगाळतो. सकाळी उठल्यावर पापण्या जड. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ पावलावर. आमचे डॉक्टर बोलता बोलता नडगीवर अंगठा दाबून धरतात आणि उचलून बघतात. खळगा भरायला वेळ लागला की पुढचा कागद ओढतात आणि तपासण्या लिहायला घेतात. हे घरीही करता येतं. बीपीचं मशीनही घरी असू द्या, तरुण मुलीचं बीपी वाढणं ही किडनीची खूण असू शकते.

पण ही सगळी लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणूनच तीन महिन्यांची डबी. त्यात युरिन रुटीन आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो हवा. रेशो ०.५ च्या वर टिकून राहिला तर सहसा बायोप्सीचा विषय निघतो. बायोप्सीला घाबरून कित्येक जण महिने घालवतात, ते मला पटत नाही. सुई आत जाऊन येते, एक दिवस आडवं पडून राहायचं, आणि त्या तुकड्यावरून कळतं की आजार एक ते सहापैकी कुठल्या वर्गात आहे. तिसरा आणि चौथा असला की जोराने औषध द्यावं लागतं, मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइड. पाचव्यात प्रथिनं किती जातात त्यावर ठरतं. सहाव्यात ९० टक्क्यांहून जास्त गाळण्या कायमच्या कडक झालेल्या असतात, तिथे औषधाला करण्यासारखं फार उरत नाही. रिपोर्टमध्ये सूज किती आणि वण किती हेही वेगळं लिहून येतं. सूज ओसरते. वण राहतात.

रक्तात डीएस-डीएनए (ल्युपसमधली अँटिबॉडी) वाढणं आणि सी३, सी४ (प्रतिकारशक्तीची प्रथिनं) घसरणं हाही इशारा असतो, पण एकट्या त्यावर उडी मारू नये. काहींचे आकडे वर्षानुवर्षं बिघडलेले असतात आणि माणूस ठणठणीत असतो.

एचसीक्यूबद्दल मात्र हट्ट धरा. फ्लेअर कमी करते, किडनी सांभाळते, गुठळ्यांचा धोकाही काहीसा कमी करते. सगळी औषधं सुटली तरी बहुतेकांची ही सुटत नाही. डोस वजनाला किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत, सुरुवातीला एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा, पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनीचा त्रास असेल तर वार्षिक तपासणी आधीच सुरू करतात. मार्च २०२० मध्ये कोविडवर ही गोळी चालते अशी हवा झाली, आणि ज्यांना ती रोज लागते त्यांना केमिस्टकडे मिळेना. तेव्हापासून एक जास्तीचं पाकीट मी कपाटात ठेवतेच.

आता मुंबईचा पावसाळा. ताप आला की घरात पहिला प्रश्न, फ्लेअर की डेंग्यू? दोन्हींत अंग ठणकतं, दोन्हींत प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात. सीआरपी आणि ईएसआर या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. सीआरपी खूप वाढलेला असेल तर संसर्गाकडे संशय जातो, ल्युपसच्या फ्लेअरमध्ये बऱ्याचदा ईएसआर चढतो पण सीआरपी तेवढा नाही. हे डॉक्टरांना कळतं, फक्त समोरच्याला ल्युपस आहे हे माहीत हवं. म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक घेण्याआधी फाइल दाखवा. सल्फा गटातल्या औषधांनी ल्युपस भडकू शकतो. तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आलात तर लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणारा ताप, लेप्टोस्पायरोसिस) गोळीबद्दल लगेच विचारा, पालिका दर पावसाळ्यात ओरडून सांगतेच. खोकला दोन आठवड्यांहून जास्त लांबला तर टीबीची तपासणी.

उन्हाचं सांगायला नको, तरी सांगते: सनस्क्रीन, पूर्ण बाह्या, छत्री. लोकलमध्ये उन्हाच्या बाजूची खिडकी मिळाली तरी मी सोडते, आणि मुंबईकराला याची किंमत कळेल.

गुळवेल नको. जी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उठलीय, तिला अजून चेतवायचं कशाला? २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं, वाद झाला. त्या वादात मला पडायचं नाही, पण माझ्या यकृतावर प्रयोग नको. आणि लेबल नसलेल्या पुड्या तर मुळीच नकोत, त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

हृदयाकडे आपल्याकडे कुणी बघत नाही. टोरांटोच्या युरोविट्झ यांनी १९७६ मध्येच दाखवलं होतं की या आजारातले सुरुवातीचे मृत्यू आजार आणि संसर्गामुळे होतात, नंतरचे हृदयविकाराने. म्हणून कोलेस्टेरॉल, साखर, बीपी तिशीपासूनच बघा. तुम्ही घरात सिगारेट ओढत असाल तर तीही सोडा.

खासगीतला खर्च जड जात असेल तर परळच्या केईएमला ऱ्हुमॅटॉलॉजीची (ल्युपस, संधिवात बघणारा विभाग) ओपीडी आहे. गर्दी असते, डबा घेऊन जा.

बाळाचं: होय, विचार करा, पण आजार आणि लघवी निदान सहा महिने शांत असताना. मायकोफेनोलेट चालू असेल तर ते आधीच बदलून घ्यावं लागतं, गर्भाला ते घातक आहे. त्याऐवजी अझाथायोप्रिन चालतं, एचसीक्यू तर चालूच ठेवायची. आधी अँटिफॉस्फोलिपिडच्या (रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडी) चाचण्या करा, त्या पॉझिटिव्ह असतील तर गर्भपात आणि गुठळ्या टाळायला अ‍ॅस्पिरिन, कधी हेपारिनची इंजेक्शनं लागतात. अँटी-आरओ ही अँटिबॉडीसुद्धा बघा. ते असेल तर बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर साधारण १६ व्या आठवड्यापासून सोनोग्राफीत लक्ष ठेवतात. हे सगळं स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट या दोघांना एकमेकांचा नंबर देऊन करा, नाहीतर फाइल घेऊन मधे तुम्हीच धावत बसाल.