काकूची बाजू आधी लिही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा वाचली. नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीतला वाडा, भावांच्या वाटण्या, आणि आजोबांना हळूहळू काहीच आठवेनासं होणं. वाडा तू डोळ्यांपुढे उभा केलास. गोदेला पूर आला की नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते विचारून घरातले सामान माडीवर न्यायचं की नाही हे ठरवतात, तो प्रसंग आहे तस्साच ठेव.

धाकटी काकू मात्र पटली नाही. वाडा बिल्डरला द्यायचा हट्ट तिचाच, आजोबांवर खेकसायचं तिनेच. घरातलं सगळं वाईट तिच्या पदरात टाकून बाकीच्यांना तू मोकळं सोडलंस.

'अस्तु' हा चित्रपट पुन्हा बघ, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशाने लहान मूल होत चाललेत. मुलगी इरा त्यांना गाडीत ठेवून खरेदीला जाते आणि ते हत्तीच्या मागे निघून जातात. इराला दोषी ठरवून मोकळं होणं किती सोपं होतं! भावेबाई तसं करत नाहीत. तिची माया दिसते, तिचं थकणंही दिसतं. तिकडे माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते आणि तो तिला आई म्हणतो. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला आणि संवादांसाठी भावेबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.

ही नजर भावेबाईंना कुठून आली ते बघ. त्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवायच्या, वस्त्यांमधल्या बायकांशी बोलून संशोधन करायच्या. 1985 चा 'बाई' हा लघुपट त्यातूनच झाला. तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. 'दोघी' हा चित्रपट आला 1995 साली. 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. कॅमेऱ्याआधी त्यांची कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या घरात बसून ऐकण्यात गेली. तुला मात्र येत्या मे महिन्यातच शूटिंग लावायचंय.

हा वाडा तुमचाच, हे मला ठाऊक आहे. काकू आता पाथर्डी फाट्याला राहतात ना? एखाद्या दुपारी त्यांच्याकडे जा. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावू नकोस, भांडणाचा विषयही काढू नकोस. आजोबा रात्री उठायचे तेव्हा कोण जागं व्हायचं, त्यांचे कपडे कोण धुवायचं, औषधाचे पैसे कोण द्यायचं, एवढंच विचार. चहा झाला म्हणून लगेच उठू नकोस. मला तर खरं बोलणं नेहमी कप विसळतानाच ऐकायला मिळालं.

आणि दवाखान्यातलं डॉक्टरांचं ते लांबलचक भाषण काढून टाक. आजार काय आहे ते आजोबा पानातल्या भाताकडे कसे बघतात यावरून कळलंय.

पुढचा खर्डा काकूंना भेटून आल्यावरच पाठव.

तुझे सर