पहिले दोन आठवडे फक्त बघ

सोमवारपासून इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या सॉफ्टवेअर टीमकडे कोच म्हणून, म्हणजे त्यांची कामाची पद्धत सुधारायला, जातोयस ना, तर पहिले २ आठवडे काही बदलू नकोस. एक काम हातात घेतल्यापासून ग्राहकापर्यंत जायला किती दिवस लागतात, त्यातले किती दिवस ते नुसतं पडून असतं, एवढंच वहीत लिही. माझ्या पहिल्या टीममध्ये ९ पैकी ६ दिवस काम टेस्टिंगच्या रांगेत थांबायचं आणि मी स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) १५ मिनिटांत संपावा म्हणून भांडत होतो. त्या मुलांचे ते महिने वाया गेले, याचं अजून वाईट वाटतं.

लिटलचा नियम पाठच कर: उघडी कामं भागिले रोज संपणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी दिवस. १२ कामं उघडी असतील आणि रोज २ संपत असतील, तर एका कामाला सरासरी ६ दिवस लागणारच. म्हणून मुलांना पळवू नकोस, उघडी कामं कमी कर.

रेट्रोत (काय जमलं, काय नाही हे बोलायच्या टीमच्या बैठकीत) मॅनेजर बसला की सगळे गप्प होतात. मॅनेजरला आधी एकटं भेटून बाहेर थांबायची विनंती कर. खरं दुखणं तुला छप्पन दुकानला पोहे खातानाच कळेल (आपली इंदूरची मुलं तिथे मोकळी होतात), पण ते नाव घेऊन वर सांगू नकोस. आणि दोन टीमच्या वेलॉसिटीची (ठरावीक काळात टीम किती पॉइंटचं काम संपवते, त्याची) तुलना कुणी मागितली, तर स्पष्ट नाही म्हण. पॉइंट म्हणजे काम किती मोठं याचा टीमने लावलेला अंदाज, आणि प्रत्येक टीमचे पॉइंट तिचे स्वतःचे असतात.